नलूबाईची परीक्षा

नलूबाई काठाणे शाळेच्या फाटकापाशी भाजी विकायची तेव्हा मी तिला एकदाही ‘अहो’ म्हटलं नाही. ती माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच लहान असेल, तीन लेकरांची आई होती. पण पाटलाच्या सुनेला मी बिनचूक ‘अहो वहिनी’ म्हणायचो आणि हिला ‘ए बाई’. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

गाव आर्वीपासून आठ किलोमीटरवर. नाव लिहीत नाही. शाळा अजून चालू आहे, तिथे चांगली माणसं शिकवतात, आणि दोष शाळेचा नव्हताच. एकोणीसशे शहाण्णव साली मी तिथे पाचवीचा वर्गशिक्षक होतो. प्रभाकरराव हे माझं नाव, पण पोरं माझ्यामागे मला ‘मिरची गुरुजी’ म्हणत. मला ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

नलूबाईचं स्वतःचं वावर नव्हतं. दुसऱ्याच्या विहिरीवर अर्धा एकर तुकडा घेऊन ती आणि तिचा नवरा भाजी पिकवायचे. सकाळी नऊला ती टोपली घेऊन फाटकाजवळच्या निंबाखाली बसायची आणि बसली की बोलायला लागायची. गिऱ्हाईक असो नसो. वांग्यांना रागवायची, मेथीचं कौतुक करायची. भेंडीचं टोक मोडून पाहणाऱ्या बाईला ती भेंडी देतच नसे, “तुह्या पोराचं बोट मोडून पाह्यतं का कवळं हाये का?” असं तोंडावर विचारायची. प्रत्येक भाजीबरोबर ती कशी करायची तेही सांगायची, न विचारता. शाळेतल्या दोघी मॅडम तिच्याकडे भाजी घ्यायला कमी आणि तिचं बोलणं ऐकायला जास्त थांबत. मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. माझा वर्ग फाटकाच्या बाजूला होता.

आता माझी थोडी हकिगत सांगावी लागेल. माझ्या बचावासाठी नाही. बचाव करण्यासारखं काही नाही.

आमचं आर्वीत किराण्याचं दुकान. घरात सगळे ‘मले, तुले’ बोलणारे. अठ्ठ्याहत्तर साली मी डी.एड. करायला पुण्याला गेलो. मेसमध्ये पहिल्याच दिवशी वाढप्याला म्हणालो, “मले आलूची भाजी वाढा.” तो हसला. मग टेबल हसलं. पुढची दोन वर्षं माझं नाव ‘आलू’ होतं. माझं खरं नाव काही मुलांना निरोपसमारंभाच्या दिवशी कळलं. तिथून मी परत आलो तो ‘मला’ आणि ‘बटाटा’ घेऊन. पहिल्या आठवड्यातच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वडिलांना म्हणालो, “आलू नाही म्हणायचं, बाबा.” त्यांनी तराजू पुसला. पण त्यानंतर मी दुकानात असलो की ते बोटानं पोत्याकडे दाखवायचे, नाव घ्यायचे नाहीत. मी तेव्हा त्याला सुधारणा समजलो.

मास्तर झाल्यावर तर माझ्या हातात पन्नास-साठ लेकरं आली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. मुलं रांगेत बसतात आणि ज्याची पाळी असेल तो पुढे येऊन बोलतो. या परिपाठात मी माझ्या डोक्यानं एक भर घातली होती. ‘आजचा अशुद्ध शब्द.’ आदल्या दिवशी ज्या पोरानं वर्गात गावठी शब्द वापरला असेल त्यानं पुढे यायचं, तो शब्द मोठ्यानं म्हणायचा, सगळ्यांनी हसायचं, मग मी शुद्ध शब्द सांगायचा आणि त्या पोरानं तो पाच वेळा म्हणायचा. ‘सगळ्यांनी हसायचं’ हे मी आपोआप व्हायचं असं लिहायला जात होतो. ते आपोआप नव्हतं. मी आधी हसायचो. केंद्रप्रमुखांनी या उपक्रमाचं वहीत कौतुक लिहिलं होतं.

जयवंता काठाणे, नलूबाईची धाकटी, माझ्या वर्गात होती. डोळ्यांत हुशारी, अक्षर टपोरं, हात सदा वर. एक दिवस मी भाज्यांची नावं विचारली. सगळ्यांच्या आधी ती उभी राहिली. भाजीवालीचीच पोर ती. एका दमात म्हणाली, “आलू, भेदरं, सांभार, वांगे, कोहळं!”

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी तिला पुढे बोलावलं. एक नव्हे, तीन शब्द होते, म्हणून मी विशेष खुशीत होतो. ती म्हणाली, “आलू.” मी हसलो, शाळा हसली. “भेदरं.” शाळा आणखी हसली. “सांभार” म्हणताना तिचा आवाज बसला होता, तर मी तिला तो परत म्हणायला लावला. मग बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, पाच-पाच वेळा.

फाटकाबाहेर नलूबाई बसली होती. लेकरं हसत होती म्हणून तीही हसत होती. कशावर हसून राहिली आहेत ते तिला मधल्या सुट्टीत कळलं, कारण पोरं तिच्या टोपलीभोवती फेर धरून ‘आलू, भेदरं, सांभार’ असं तालावर म्हणायला लागली. मी खिडकीतून पाहत होतो. मी त्यांना हटकलं नाही. माझा पाठ चांगला लक्षात राहिला आहे असं मला वाटलं.

दोन-तीन दिवसांनी ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन.

“गुरुजी, मंग कसं म्हनाव?” तिनं विचारलं. “पोरगी सांगते, पन तिले मी बरोबर म्हनतो का नाई ते समजत नाई. तुमी सांगा.”

खोलीत आम्ही पाच जण होतो. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, “म्हण, कोथिंबीर.” ती म्हणाली. अडखळली. मी परत म्हणायला लावलं. ती परत अडखळली आणि सगळे हसले. माझे मित्र रूपराव सर तेवढे खाली मान घालून वह्या तपासत राहिले. मग मी फर्मान सोडावं तसं म्हणालो, “असं कर, आधी घरी सगळं पाठ कर. एकही गावठी शब्द तोंडात आला नाही पाहिजे. मग ये. मी तुझी परीक्षा घेईन आणि पास-नापास सांगीन.”

“हाव, गुरुजी,” ती म्हणाली आणि गेली.

मी थट्टा केली होती. खोलीतल्या सगळ्यांना ती थट्टा आहे हे कळलं होतं, तिच्याशिवाय.

पुढच्या सोमवारपासून निंबाखालची जागा रिकामी झाली. ती आर्वीच्या बाजारात बसायला लागली असं कोणीतरी म्हणालं. वर्ग शांत झाला म्हणून मला बरं वाटलं. दोन वर्षांनी माझी बदली पुलगावकडे झाली आणि मी ते गाव, ती पोरगी, ती भाजीवाली सगळं विसरलो. अगदी मनापासून विसरलो.

निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली. रिकामा मास्तर घरातल्यांना नकोसा होतो. शकुंतलाबाई, म्हणजे आमची ही, म्हणाली, “दिवसभर माह्या चुका काढण्यापेक्षा काहीतरी लिहीत जा.” म्हणून मी एका स्थानिक साप्ताहिकात शब्दांच्या मुळांवर सदर लिहायला घेतलं. जुने कोश विकत आणले, नागपूरच्या ग्रंथालयात खेपा घातल्या. आणि मला चक्क नाव मिळालं. लोक एस.टी.त ओळखायला लागले. शाळेत पोरं पाठीवर दप्तर घेऊन जातात, तो शब्द फारसीतून आला आणि त्याच्याही आधी ग्रीकांकडे त्याचा अर्थ कमावलेलं कातडं असा होता, हे वाचून तीन मुख्याध्यापकांनी फोन केले. पगार, चावी, घमेलं आणि बाजार समितीत पुकारतात तो लिलाव, हे सगळे पोर्तुगीजांनी आणलेले, हे वाचून एका अडत्यानं मला बोलावून चहा पाजला. लाज संस्कृतातून आली, शरम फारसीतून आणि खजील अरबीतून, असाही एक लेख मी लिहिला. लोकांनी त्याचंही कौतुक केलं. तीन भाषांतून शब्द गोळा केले, पण ते स्वतःला लावून पाहावेत हे मला सुचलं नाही.

मग एका आठवड्यात भाज्यांवर लिहायला बसलो.

कोश उघडला आणि पहिलाच घाव तिथे बसला. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेला. आलु हा संस्कृतातला जुना शब्द, कंदासाठी. ती नवी वस्तू आपल्याकडे आली तेव्हा आपल्या लोकांनी तिला घरातलंच नाव दिलं. टोमॅटो तर आणखीच लांबचा, समुद्रापलीकडच्या मेक्सिकोतल्या लोकांचा. सांभारचं नातं बहुधा संभार या संस्कृत शब्दाशी, म्हणजे साहित्य, सामग्री. भेदराचं मूळ मला सापडलं नाही, अजूनही सापडलेलं नाही. मी ज्याला शुद्ध म्हणून पाच-पाच वेळा घोकून घेत होतो तो पाहुणा होता, आणि ज्याला हसत होतो तो घरचा.

मी पान मिटलं आणि उठून अंगणात गेलो. मला ती पोरगी आठवली. बसलेल्या आवाजात ‘सांभार’ म्हणणारी.

एखाद्या शहाण्या माणसानं हे सगळं तसंच्या तसं लिहून छापलं असतं. मी तो लेख लिहिलाही. पण छापायला दिला नाही. त्याच्याऐवजी कोबीवर लिहिलं, कारण कोबीत मी कुठे नव्हतो. इतका मी शूर.

गेल्या वर्षी एका संस्थेनं आर्वी तालुक्याच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह करायला मला सांगितलं. पुस्तक निघणार होतं, वर माझं नाव. मी हुरळलो. जुनी बोली बोलणारं माणूस हवं होतं, म्हणून रूपराव सरांना विचारलं.

ते म्हणाले, “नलूबाई काठाणे. तिच्यासारखं बोलणारं या तालुक्यात मी दुसरं ऐकलं नाई.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुम्हाले आठवते ना ती?”

मला आठवत होती. मी म्हणालो, आठवत नाही.

जयवंताचं आर्वीच्या एस.टी. स्टँडजवळ भाजीचं दुकान आहे. चांगलं पक्कं, वर पाटी. मी समोर जाऊन उभा राहिलो, तर तिनं लगेच ओळखलं. चाळिशीला आलेली बाई, केसांत पांढरं डोकावायला लागलेलं.

“नमस्कार, सर. या ना, बसा,” ती म्हणाली. भाषा अशी की पुण्यात कोणी हसलं नसतं. मी कामाचं बोललो. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, “आई तुमची वाट पाहते आहे, सर. खूप वर्षांपासून. तुम्ही रविवारी घरी या.”

माझी वाट कशाला पाहील, असं मला वाटलं. पण मी विचारलं नाही.

रविवारी गेलो. नलूबाई बाजेवर बसली होती. पाय थकलेले, पण अंगावर घडी मोडलेलं नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. मला पाहून तिनं हात जोडले आणि सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाली, “नमस्कार, गुरुजी. आपण आलात, फार आनंद झाला. बसा. पाणी घ्या.”

मी वही उघडली, फोन रेकॉर्डिंगला लावला, पिशवीतून एक आलू काढून तिच्यासमोर धरला आणि विचारलं, “याला काय म्हणता, नलूबाई?”

“बटाटा,” ती म्हणाली.

“आणि याला?”

“टोमॅटो.”

“आणि ही?”

“कोथिंबीर,” ती म्हणाली. एका दमात, स्वच्छ. आणि माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. “पुढचं विचारा, गुरुजी.”

मग माझ्या ध्यानात आलं. ती परीक्षा देत होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी खुर्चीत रेलून जी घेईन म्हणालो होतो, ती.

जयवंता दारात उभी राहून सांगू लागली. शाळा सुटली की ती घरी जाऊन आईला त्या दिवशीचे शुद्ध शब्द शिकवायची. चुलीपुढे, सांजच्या वेळी. आई भाकरी थापत म्हणायची, गुडघा, गुडघा, गुडघा. फाटकापाशी बसायचं आईनंच सोडलं. सगळं पाठ होईपर्यंत गुरुजींना तोंड दाखवणार नाही म्हणाली. पाठ झालं तेव्हा नवं लुगडं नेसून शाळेत गेली होती. तोवर माझी बदली झालेली. मग ती रेडिओवर बातम्या ऐकून सराव करत राहिली, विसरू नये म्हणून.

“बाजारात गिऱ्हाईक सांभार मागायचं,” जयवंता म्हणाली, “तर आई म्हणायची, कोथिंबीर म्हणा, तेव्हा देईन.”

मला वर पाहवेना. मी उगाच वहीत रेघा ओढत राहिलो. त्याच वेळी माझ्यातला संग्राहक जागाच होता. कारण नलूबाई खुलून बोलायला लागली की मधूनच तिची जुनी बोली निसटायची. “हे टोंगळे काई साथ देत नाई,” म्हणाली आणि पदरानं तोंड झाकलं. “चुकलं. गुडघे. गुडघे साथ देत नाहीत.” मी टोंगळा लिहून घेतला. ती आत पाहून ओरडली, “गंजातलं दूध पाह्य, उतू जाईन!” आणि परत, “पातेल्यातलं, पातेल्यातलं.” मी गंज लिहून घेतला. पुढे कुटार म्हणजे भुसा, गुंडी म्हणजे कळशी, सराटा म्हणजे उलथनं. चोरानं पडलेलं उचलावं तसं मी एकेक उचलत होतो.

तिनं मान वाकडी करून वहीकडे पाहिलं. “चुका लिहून राह्यले का, गुरुजी?” तिनं विचारलं. “किती झाल्या?”

दोन पानं भरली होती. मी म्हणालो, “फार नाहीत.”

“मंग पास का नापास?”

मी तेव्हाच ठरवलं की पास म्हणायचं आणि उठायचं. खरं सांगितलं तर या बाईची अठ्ठावीस वर्षं पाण्यात जात होती. तिला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं ते एक प्रमाणपत्र ती मागत होती, आणि ते माझ्या जिभेवर होतं. शिवाय गप्प राहण्यात माझीही सोय होती, हे कबूल करतो.

“पास,” मी म्हणालो. “पहिल्या वर्गात.”

तिचा चेहरा असा उजळला की मी पाहू शकलो नाही. तिनं जयवंताकडे पाहिलं. जयवंता हसली नाही.

तेवढ्यात बाहेरून काजल धावत आली. जयवंताची पोरगी, आठ वर्षांची, पायाला माती. “आजी, मले भूक लागली! आलूचे पराठे करून दे ना!”

नलूबाई एकदम ताठ बसली. “काय म्हणायचं?” ती म्हणाली. “कोण बसलं आहे समोर? इकडे ये. गुरुजींपुढे उभी राहा. आता म्हण, बटाटा. पाच वेळा.”

पोरगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सरळ, नजर खाली. “बटाटा,” ती म्हणाली. “बटाटा.” कान लाल झाले होते. तिसऱ्या वेळी आवाज बसला.

“थांब, बेटा,” मी म्हणालो. “पुरे.”

आणि मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. की आलू चुकीचा नाही. फार जुना शब्द आहे, आपला आहे. बटाटा बाहेरून आला, बोटीतून आला. सांभार बरोबर. टोंगळा बरोबर. या वहीत चुका लिहिलेल्या नाहीत, नलूबाई, हे शब्द छापायचे आहेत, मी याच शब्दांसाठी आलो आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर होता. मला माहीत नव्हतं.

नलूबाई माझ्याकडे पाहत राहिली. तिनं समोरचा आलू उचलला, हातात फिरवून पाहिला आणि परत खाली ठेवला.

“मंग त्या दिसी लेकरं काऊन हासली?” तिनं विचारलं.

मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत मला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तरही एकच होतं.

“मी हसवली,” मी म्हणालो. “मी आधी हसलो, म्हणून हसली.”

“असं हाये का,” ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्या गोष्टीची जागा सापडावी तसं.

मग नलूबाई बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, बाजेच्या समोरच्या भिंतीशी. आता ती पदर तोंडाला लावत नव्हती.

“माही माय सहा वर्सं अथीसाच होती. याच बाजेवर. तिले आलू, भेदरं, याच्याबिगर येतच नव्हतं. शिकवलं मी, पन तिच्यानं होये नाई, बुढी झाल्ती. मी तिच्यावर चिडो. जयवंताचं लगन जमून राह्यलं होतं, शिकले-सवरले लोकं घरी येत. मी तिले म्हनो, मानसं आले का तू बोलू नोको, माय, हासतात. थे हाव म्हने.” ती थांबली. “मंग थे मानसं नसले तरी बोले नाई. पानी पाह्यजे असलं तर हात दाखवे. तशीच गेली.”

मला दुकानातले वडील दिसले. पोत्याकडे बोट दाखवणारे. आजवर ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, शकुंतलेलाही नाही.

“तिचं बरोबर होतं म्हनता,” नलूबाई माझ्याकडे वळून म्हणाली. “मंग तिले आता कोन सांगन, गुरुजी?”

माझ्याकडे कोशांनी भरलेलं कपाट आहे.

“सर,” जयवंता दारातून म्हणाली, “तुमी जा आता.”

‘तुम्ही’ नव्हे, ‘तुमी’; या बोलीत ती माझ्याशी बोलली नव्हती. पाचवीतल्या त्या दिवसानंतर एकदाही नाही. मी फोन बंद केला, वहीतली ती दोन पानं फाडून बाजेवर ठेवली आणि उठलो. मला काय झालं कोणास ठाऊक, मी वाकलो आणि नलूबाईच्या पायांना हात लावायला गेलो. तिनं ते दुखरे पाय झटकन जवळ ओढून घेतले. कळ येऊन ती कण्हली.

“गुरुजीनं असं नाई करू,” ती म्हणाली. “लेकरू पाहून राह्यलं ना.”